पदवी तिची, कागद कुणाच्या कपाटात?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजच्या सत्राचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा तुमच्यापैकी काहीजणी एकमेकींकडे बघून हसल्या. 'परदेशातल्या दंतवैद्यक महाविद्यालयात प्रवेश' हा काय स्त्री-चळवळीच्या शिबिराचा विषय झाला? आपल्याकडे मारहाणीच्या केसेस आहेत, पोटगीच्या आहेत, रेशनकार्डावर नाव नसलेल्या बाया आहेत. मग हे श्रीमंतांघरचं दुखणं इथे कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते.

आमच्या समुपदेशन केंद्रात गेल्या काही वर्षांत बीडीएस झालेल्या मुली येऊ लागल्या आहेत. आज दंतवैद्यकाच्या वर्गात मुलींची संख्या मोठी आहे. या सगळ्या काही बंगल्यात वाढलेल्या नसतात. कुणाचे वडील प्राथमिक शिक्षक, कुणाचे एसटीत, कुणाची आई अंगणवाडीत. कर्ज काढून, जमिनीचा तुकडा विकून चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप पुरी केलेली असते. पुढे एखाद्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर नोकरी आणि मग अमेरिकेतल्या मुलाचं स्थळ. लग्न ठरताना सासरचे म्हणतात, "डॉक्टर मुलगी आहे, तिकडे काय, लगेच लागेल कामाला." दोन वर्षांनी तीच मुलगी माहेरी येते आणि आम्हाला विचारते, "ताई, माझी डिग्री तिकडे चालतच नाही. परत शिकायचं म्हणतेय, पण माझ्या हातात काहीच नाहीये. मी काय करू?"

तिला कुणी मारलेलं नसतं, घराबाहेर काढलेलं नसतं. आपल्या नोंदवहीत तिच्यासाठी रकानासुद्धा नाही. पण पाच वर्षं खपून मिळवलेलं शिक्षण पेटीत पडून आहे आणि ते बाहेर काढायची किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे, ही परिस्थिती आपल्याला नवीन आहे का? शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं, तसंच हे आहे. म्हणून हा विषय आपला.

थोडा इतिहास सांगते, कारण ही वाट बायकांनीच पाडलेली आहे. अमेरिकेत लूसी हॉब्ज नावाच्या बाईंना सिनसिनाटीच्या दंतवैद्यक महाविद्यालयाने १८६१ साली बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी खासगीत शिकून स्वतःचा दवाखाना चालवला. शेवटी त्याच महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि १८६६ साली त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या मागोमाग आल्या जर्मनीच्या हेन्रिएट हिर्शफेल्ड. दारूड्या नवऱ्याचं घर सोडून त्या बर्लिनला आल्या होत्या. जर्मनीत तेव्हा बायकांना विद्यापीठाचं दार बंद होतं. म्हणून १८६७ साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीत प्रवेशासाठी उभ्या राहिल्या. तिथेही आधी नकारच मिळाला. एका प्राध्यापकांनी बाजू लावून धरली म्हणून दार उघडलं. १८६९ साली पदवी घेऊन त्या परत आल्या आणि बर्लिनमध्ये बायका-मुलांचे दात बघू लागल्या. परदेशी विद्यार्थिनी म्हणून दंतवैद्यक शिकलेली ही बाई. आपल्या आनंदीबाई जोशी त्याच फिलाडेल्फियाला १८८३ साली वैद्यकी शिकायला गेल्या, त्याच्या सोळा वर्षं आधीची ही गोष्ट.

हेन्रिएटबाईंची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. निघण्याआधी त्यांनी प्रशियाच्या सरकारकडून आश्वासन मिळवलं होतं, की पदवी घेऊन आले तर मला व्यवसाय करू द्याल. म्हणजे हा कागद कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही, हे त्यांनी आधी विचारलं. आपल्या मुलींना हा प्रश्न लग्नाच्या बैठकीत कुणी विचारू देत नाही. सगळ्या अडचणींची सुरुवात तिथून होते.

आता प्रत्यक्ष व्यवस्था काय आहे ते सांगते. तुमच्याकडे अशी मुलगी आली तर निदान तिचं बोलणं तुम्हाला कळलं पाहिजे.

अमेरिकेत दातांचा दवाखाना चालवायचा परवाना प्रत्येक राज्य देतं. बहुतेक राज्यांची अट अशी, की उमेदवार तिथल्या मान्यताप्राप्त दंतवैद्यक महाविद्यालयातून शिकलेला असावा. डीडीएस आणि डीएमडी अशी त्या पदवीची दोन नावं आहेत, दोन्हींचा दर्जा एकच. आपली बीडीएस त्यात बसत नाही. मग बीडीएस झालेल्यांसाठी काही महाविद्यालयांत दोन ते तीन वर्षांचा वेगळा प्रवेश असतो, त्याला 'ॲडव्हान्स्ड स्टँडिंग' म्हणतात. म्हणजे सगळं पहिल्यापासून नको, पण परत वर्गात बसायचंच. एकेका ठिकाणी जागा मोजक्या आणि जगभरातून अर्ज. बारावीनंतर थेट तिकडे जायचं असेल तर रस्ता आणखी लांब. आधी तिथल्या कॉलेजातले विज्ञानाचे विषय, मग डॅट नावाची प्रवेशपरीक्षा आणि मग चार वर्षं.

बीडीएसवालीला काय काय लागतं? एक, आयएनबीडीई ही परीक्षा. ही २०२० साली सुरू झाली, जुन्या दोन भागांच्या परीक्षेच्या जागी आली. दोन दिवसांत पाचशे प्रश्न, निकाल फक्त पास किंवा नापास. दोन, इंग्रजीची टोफेल परीक्षा, तिचे गुण दोनच वर्षं चालतात. तीन, विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट. महाराष्ट्रातल्या बहुतेकींना ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून काढावं लागतं. तिकडच्या संस्थेकडून त्याचं विषयवार मूल्यमापन करून घ्यायचं, ते वेगळं. चार, शिक्षकांची शिफारसपत्रं. पाच, स्वतःबद्दलचं निवेदन. हे सगळं 'कॅपिड' नावाच्या एका केंद्रीय अर्जातून बहुतेक महाविद्यालयांना जातं, काही महाविद्यालयं मात्र स्वतंत्र अर्ज घेतात. जितकी महाविद्यालयं, तितकं शुल्क. अर्ज प्रवेशाच्या साधारण एक वर्ष आधी करायचा असतो. त्यातून बोलावणं आलं तर मुलाखत आणि बऱ्याच ठिकाणी हाताची परीक्षा. नकली दातांवर दात कोरून, क्राऊनसाठी तासून दाखवायचा. त्यासाठी समोर जावं लागतं, तो खर्च आपलाच.

मैत्रिणींनो, ही यादी ऐकताना कंटाळा आला असेल. पण यातल्या प्रत्येक पायरीवर 'हे कुणाच्या हातात?' असं विचारून बघा.

पहिली गोष्ट, नाव. आपल्याकडे लग्न झालं की मुलीचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं आणि काही घरांत तर तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिलं नावसुद्धा बदलतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक बाई, बीडीएसच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी लिहिलेली तीच बाई आणि पासपोर्टवर तिसरीच. परीक्षेला बसायला जो 'डेंटपिन' क्रमांक घ्यावा लागतो, तिथलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर परीक्षेच्या दारातून परत यावं लागतं. मग राजपत्र, प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला अशी धावाधाव. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा कुठलाही कायदा नाही, पासपोर्टसाठीही नाही. हे आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. पण ते मानाचा प्रश्न म्हणून सांगितलं. त्यात रोकडा व्यवहारही आहे, हे या मुलींमुळे कळतं.

दुसरी गोष्ट, मूळ कागद. लग्नात दागिन्यांची यादी होते, पदवीच्या कागदांची होत नाही. एक मुलगी सांगत होती, तिची मूळ प्रमाणपत्रं सासऱ्यांच्या कपाटात 'जपून' ठेवलेली होती. मागितली की उत्तर यायचं, "घाई काय आहे? आधी बाळाचं बघू." कुणी नाही म्हणालं नाही, पण दोन वर्षं गेली. टोफेलची मुदत संपली, परत परीक्षा, परत पैसे. अर्जात मधल्या रिकाम्या वर्षांचा खुलासा द्यावा लागतो. बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, नवऱ्याची बदली, हे सगळं तिथे रिकामं वर्ष म्हणूनच दिसतं.

तिसरी गोष्ट आजच्या काळातली. अर्जाचं खातं उघडताना ईमेल नवऱ्याचा आणि पासवर्डही त्याच्याकडे. तो प्रेमानेच म्हणतो, "तुला कशाला त्रास, मी भरतो." मग कुठल्या महाविद्यालयाला अर्ज गेला, कुठलं बोलावणं आलं, हे तिला त्याच्याकडूनच कळणार. मनासारखं शहर नसेल तर बोलावणं 'राहून जातं'. शेतमजूर बाईचा अंगठा आणि या डॉक्टरणीचा पासवर्ड यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

आता पैशाकडे येते. अनेक खासगी महाविद्यालयांत शुल्क आणि राहणं-खाणं मिळून वर्षाचा खर्च एक लाख डॉलरच्या वर जातो. पुरा अभ्यासक्रम म्हणजे दोन कोटी रुपये आणि त्याहून जास्त. तिथल्या सरकारचं शैक्षणिक कर्ज परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. खासगी कर्जदार बहुधा तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी जामीनदार मागतात. इथल्या बँका साडेसात लाखांवरच्या कर्जाला सर्वसाधारणपणे तारण मागतात. मग तारण कुणाचं? वडिलांचं घर असेल तर "भावाचं काय?" हा प्रश्न लगेच निघतो. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीचा जन्मतः वाटा आहे. ते घर तिचंही आहे, हे त्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं. दागिने गहाण पडत असतील तर ते स्त्रीधन आहे, तिच्या संपूर्ण मालकीचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलं आहे. कुठे, कुणाच्या नावावर, किती ग्रॅम ठेवले याची पावती तिच्याकडे हवी.

याच्या उलटही प्रकार आहे. काही स्थळांत मुलाकडचे सांगतात, "आम्ही तिला अमेरिकेत डेंटिस्ट करू, फक्त शिक्षणाचा खर्च तुम्ही उचला." ऐकायला किती पुढारलेलं! पण लग्नाची अट म्हणून मुलीच्या बापाकडून मागितलेली रक्कम, तिला शिक्षण म्हणा नाहीतर आणखी काही, १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यासमोर ठेवून तपासलीच पाहिजे. पैसा खरोखर तिच्या शिक्षणाचा असेल तर तो तिच्या खात्यात जायला कुणाची हरकत नसावी.

आणि व्हिसा. हा भाग नीट लक्षात घ्या. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या माणसाच्या बायकोला एच-४ मिळतो. त्यावर तिला शिकता येतं. नोकरी मात्र करता येत नाही. अपवाद फक्त काहीजणींचा, ज्यांच्या नवऱ्याची ग्रीनकार्डाची प्रक्रिया ठराविक टप्प्यापुढे गेली आहे. ती परवानगी २०१५ पासून आहे. नवऱ्याची नोकरी गेली तर साधारणपणे साठ दिवसांत काही मार्ग काढावा लागतो. घटस्फोट झाला तर एच-४ संपतो. म्हणजे दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर असताना तिच्या शिक्षणाचं भवितव्य त्याच्या नोकरीवर आणि त्याच्या मर्जीवर.

एफ-१ हा विद्यार्थ्याचा व्हिसा तिच्या स्वतःच्या नावाचा असतो. त्यासाठी महाविद्यालयाचं आय-२० पत्र लागतं आणि पहिल्या वर्षाचा पैसा दाखवावा लागतो. अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभर कामाची मुभा मिळते. त्याचा नवरा मात्र नसतो, ती 'मुख्य' आणि तो आश्रित, हे एवढंच किती घरांत पचत नाही! पण मैत्रिणींनो, एफ-१ म्हणजेही मुक्ती नव्हे. त्यानंतर तिथे राहून काम करायचं तर पुन्हा एच-१बीसारखी परवानगी लागते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. कुणाला लागू, कुणाला नाही, याचे नियम बदलत असतात, म्हणून अशा वेळी एजंटाचं ऐकू नये, इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारावं. आणखी एक सावधगिरी. एच-४ वर असताना 'बिनपगारी आहे, चालतं' म्हणून एखाद्या दवाखान्यात सहायकाचं काम करू नये. शेजारी उभं राहून बघणं वेगळं आणि पगारी माणसाचं काम फुकट करणं वेगळं. दुसऱ्याने व्हिसा धोक्यात येऊ शकतो.

घरात छळ होत असेल तर तीही वाट माहीत असू द्या. २००६ सालच्या तिथल्या कायद्यात अशा आश्रित बायकांना कामाचा परवाना मागण्याची तरतूद झाली आहे. न्यू जर्सीतली 'मानवी' १९८५ पासून आणि न्यूयॉर्कची 'सखी' १९८९ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. आपल्यासारख्याच बायकांनी या संघटना उभ्या केल्या आहेत.

अमेरिका हाच एक रस्ता आहे असंही नाही. कॅनडात राष्ट्रीय मंडळाच्या समकक्षता परीक्षा देऊन, ऑस्ट्रेलियात तिथल्या डेंटल कौन्सिलची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा देऊन, ब्रिटनमध्ये ओआरई परीक्षा देऊन परत कॉलेजात न जाताही परवान्याकडे जाता येतं. परीक्षा अवघड आहेत, रांगा मोठ्या आहेत, पण दोन कोटींचं कर्ज नाही. मात्र कुठल्या देशात जायचं हे बहुधा नवऱ्याची नोकरी ठरवते. म्हणून लग्नाआधी विचारायचा प्रश्न 'मुलगा कुठे असतो' एवढाच नाही. 'तिथे माझ्या पदवीचं काय होतं' हासुद्धा आहे.

आता शेवटचं. आपण संघटना म्हणून काय करायचं?

आपण तिला जा म्हणायचं नाही की जाऊ नको म्हणायचं नाही. एवढं कर्ज डोक्यावर घेऊन चाळिशीपर्यंत ते फेडत बसायचं नसेल, तर तेही शहाणपणाचं असू शकतं. इथेच दवाखाना काढीन, सार्वजनिक आरोग्याकडे वळेन, असं ती म्हणाली तर तो पराभव नाही. आपलं काम एवढंच, की ठरवणारी ती असावी आणि ठरवताना तिच्यापुढे पुरी माहिती असावी.

म्हणून विवाहपूर्व समुपदेशनात हे पाच मुद्दे घाला असं मी सुचवते. मूळ प्रमाणपत्रं तिच्या ताब्यात आणि त्यांच्या प्रती माहेरी. सगळ्या कागदांवर एकच नाव, आणि ते कुठलं हे ती ठरवेल. ईमेल, पासवर्ड आणि बँकखातं तिचं स्वतःचं. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी परदेशी गेल्यावरही चालू, म्हणजे परत यायची वाट बंद होत नाही. आणि शिक्षणाबद्दल तोंडी कबूल झालेलं सगळं, किती पैसा, कुणाचा, कधी, हे कागदावर.

ज्या मुलींनी हे सगळं पार केलं आहे त्यांना बोलावून एक दिवस बसवा. अर्ज कसा भरला, नकार आल्यावर काय केलं, हे त्या सांगतील. एका मुलीला आठ ठिकाणांहून नकार आले, दुसऱ्या वर्षी नवव्या ठिकाणी प्रवेश मिळाला. या माहितीसाठी एजंट हजारो रुपये घेतो. बायकांनी बायकांना ती फुकट दिली तर निम्मी भीती जाईल.

आणि आपल्या नोंदवहीत एक रकाना वाढवा. 'शिक्षण किती?' हा रकाना आपल्याकडे आहेच. त्याच्या शेजारी लिहा, 'प्रमाणपत्रं कुणाकडे आहेत?' हा प्रश्न फक्त दाताच्या डॉक्टरणीला विचारू नका. डीएड झालेल्या सुनेला विचारा, नर्सिंग केलेल्या बाईला विचारा, दहावी पास बाईलाही विचारा. उत्तरं काय येतात ते पुढच्या शिबिरात आपण मिळून बघू.